सेन्सर बदलण्याआधी

टोयोटाच्या काही जुन्या गाड्यांना सगळ्या कंपन्यांना चालणारा साधा स्कॅनर लावला, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरसमोर ०.६६ व्होल्ट हा आकडा येतो आणि तिथेच बसून राहतो. ऑक्सिजन सेन्सरवर हात बसलेल्या मेकॅनिकला यात शंका घ्यायला जागा दिसत नाही. चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वर-खाली होतो. हा जागचा हलत नाही, शिवाय अर्ध्याच्या वर आहे, म्हणजे मिश्रण रिच दाखवत अडकला आहे. सेन्सर मागवला जातो, काही हजारांचं बिल होतं, जुना भंगारात जातो. इंजिन चालू करून पाहावं, तर नव्या सेन्सरचाही आकडा ०.६६.

जुना सेन्सर चांगलाच होता. किंबहुना त्या जागी नेहमीचा ऑक्सिजन सेन्सर नव्हताच. तिथे एअर-फ्युएल रेशो सेन्सर होता, थोडक्यात ए-एफ सेन्सर. मिश्रण अगदी बरोबर असतं तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या स्कॅनरवर त्याचा आकडा ३.३ व्होल्ट दिसतो. पण ओबीडी-टूच्या मूळ मानकात ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्याला १.२७५ व्होल्टपर्यंतच जागा ठेवली होती. ३.३ तिथे मावत नाही, म्हणून तो पाचाने भागून पाठवला जातो. ३.३ भागिले ५ म्हणजे ०.६६. गाडी सांगत होती की मिश्रण हवं तसंच आहे. हे त्या गाडीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये, त्याच सेन्सरच्या पानावर छापलेलं असतं.

पुढची सगळी प्रकरणं त्या पानाविषयी आहेत. हवा आणि इंधन मोजणारे सेन्सर तपासताना मेकॅनिकने कोणती माहिती, कुठे आणि कोणत्या क्रमाने पाहावी, हा या पुस्तकाचा विषय. त्याचं म्हणणं एवढंच, की सेन्सरने दिलेल्या आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. कोणत्या गाडीत, कोणत्या जातीच्या सेन्सरकडून, कोणत्या परिस्थितीत तो आला हे कळल्याशिवाय ०.६६ हा आकडा चांगलाही नाही आणि वाईटही नाही. आणि हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची दुरुस्तीची माहिती.

ऑक्सिजन सेन्सर, ज्याला लॅम्डा सेन्सरही म्हणतात, तसा फार जुना नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला, तोही कॅलिफोर्नियाच्या कडक प्रदूषण नियमांसाठी. बोटाएवढी वस्तू. आत झिर्कोनियाचं सिरॅमिक, त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर. एका बाजूला इंजिनातून बाहेर पडलेला वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. सिरॅमिक ३०० ते ३५० अंशांच्या वर तापलं, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत त्या मानाने त्यावर व्होल्टेज तयार होतं. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असेल तर ते ०.९ च्या आसपास जातं, लीन, म्हणजे हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास उतरतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या बिंदूच्या अलीकडे की पलीकडे एवढंच हा सेन्सर सांगतो. किती अलीकडे, किती पलीकडे, हे त्याला नीट सांगता येत नाही.

नव्या जातीचा सेन्सर, म्हणजे सुरुवातीला पाहिलेला ए-एफ सेन्सर, तेही सांगतो. त्यात एक छोटा पंप-सेल असतो आणि तो विजेच्या जोरावर ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलतो. मिश्रण बरोबर असेल तर प्रवाह शून्य. हवा जास्त झाली की प्रवाह एका दिशेने, पेट्रोल जास्त झालं की उलट दिशेने. म्हणजे मोजायचं ते व्होल्टेज नसून अगदी बारीक प्रवाह असतो, आणि तो कंट्रोल युनिट स्वतःच मोजतं. जुन्या हत्यारांनी नवा सेन्सर तपासायला गेलं की गोंधळ नेमका इथे सुरू होतो.

मल्टीमीटर घेऊन टोयोटाच्या ए-एफ सेन्सरच्या कपलरकडे गेलेल्या मेकॅनिकला काय दिसतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एका वायरवर सुमारे ३.३ व्होल्ट, दुसरीवर सुमारे ३ व्होल्ट. तो रेस देतो, आकडे तेच. व्हॅक्यूमचा पाइप काढून हवा आत सोडतो, आकडे तेच. मीटरवर काहीच हलत नाही म्हणून तो सेन्सर मेला असं ठरवतो. पण या दोन वायरींवरचं व्होल्टेज कंट्रोल युनिटने मुद्दाम धरून ठेवलेलं असतं. बदलतो तो वायरीतला प्रवाह. स्कॅनरवर सेन्सरच्या नावापुढे दिसणारं व्होल्टेज कपलरमध्ये कुठेच सापडत नाही, कारण ते कंट्रोल युनिटने प्रवाहावरून काढलेलं असतं. वर त्याची दिशाही उलटी. जुन्या सेन्सरवर आकडा चढला म्हणजे रिच, इथे आकडा चढला म्हणजे लीन. मॅन्युअल न वाचता ही तपासणी करणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याचा अनुभवच त्याला चुकीच्या दिशेने नेतो.

हीटरचंही तसंच. थंड सिरॅमिक काम करत नाही म्हणून सेन्सरमध्ये हीटर दिलेला असतो, आणि हीटर शाबूत आहे का हे ओहमवर पाहता येतं. टोयोटाच्या अनेक मॉडेल्समध्ये कन्व्हर्टरनंतरच्या साध्या सेन्सरच्या हीटरचा रोध २० अंशांना ११ ते १६ ओहम दिलेला आहे, आणि त्याच गाडीच्या पुढच्या ए-एफ सेन्सरचा १.८ ते ३.४ ओहम. मागचा आकडा डोक्यात ठेवून पुढचा सेन्सर मोजला, की दोन ओहम पाहून हीटर शॉर्ट झाला असं वाटणारच. दोन्ही सेन्सर एकाच सायलेन्सरच्या लाइनवर, हातभर अंतरावर, दिसायलाही जवळपास सारखे. फरक फक्त मॅन्युअलमधल्या दोन ओळींत.

त्याच मॅन्युअलमध्ये एक सुंदर चाचणीही दिलेली असते, आणि ती वापरली तर बरेच सेन्सर भंगारात जाण्यापासून वाचतील. कंपनीच्या स्कॅनरवरून कंट्रोल युनिटला सांगायचं, की इंजेक्टरने सोडायचं पेट्रोल २५ टक्क्यांनी वाढव. मग सांगायचं, की १२.५ टक्क्यांनी कमी कर. पेट्रोल वाढवल्यावर ए-एफ सेन्सरचा आकडा ३ व्होल्टच्या खाली जायला हवा, कमी केल्यावर ३.३५ च्या वर. मागचा साधा सेन्सर पेट्रोल वाढल्यावर ०.५५ च्या वर जायला हवा आणि कमी झाल्यावर ०.४ च्या खाली. पुढचा आणि मागचा दोन्ही बरोबर हलले, तर सेन्सर ठीक आहेत आणि दोष इंधनात किंवा हवेच्या वाटेत शोधायचा. मागचा हलला आणि पुढचा नाही, तर पुढच्या सेन्सरकडे, त्याच्या वायरिंगकडे वळायचं. दोन्ही हलले नाहीत, तर मिश्रण मुळात बदललंच का, हा पहिला प्रश्न. एकही बोल्ट न सोडता काही मिनिटांत इतकं कळतं. नव्या मॉडेल्समध्ये हे टक्के आणि मर्यादा वेगळ्या आहेत, म्हणून इथले आकडे पाठ करून उपयोग नाही. आपल्या समोरच्या गाडीचं पान उघडावं लागतं.

दुरुस्तीच्या माहितीत व्होल्ट आणि ओहम एवढंच असतं, असा अनेकांचा समज आहे. त्याहून मोलाचं असतं ते बिघाडाचा कोड कधी पडतो याचं वर्णन. इंजिन किती तापलेलं हवं, गाडी किती वेगाने किती वेळ चाललेली हवी, सलग दोन फेऱ्यांत दोष दिसावा लागतो की एकाच फेरीत दिवा लागतो, हे सगळं तिथे दिलेलं असतं. थंड इंजिनात सायलेन्सरमध्ये पाणी साचलेलं असतं आणि तापलेल्या सिरॅमिकवर ते उडालं तर तडा जातो, म्हणून अनेक गाड्यांमध्ये कंट्रोल युनिट सुरुवातीला हीटरला पूर्ण ताकद देतच नाही. हे ठाऊक नसलेला माणूस सकाळी पहिल्या मिनिटाला हीटरचा सप्लाय मोजतो आणि वायरिंग उकलायला घेतो.

वायरिंगवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. अनेक ऑक्सिजन सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतून मिळते. म्हणूनच अशा वायरी सोल्डर करू नयेत, दाबून जोडाव्यात, आणि कपलरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर मारू नये, असं सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या बजावतात. आपल्याकडे सेन्सरची वायर उंदराने कुरतडली की कापून, सोल्डर मारून, टेप गुंडाळून देणं हा नेहमीचा उपाय. बाकीच्या वायरिंगसाठी तो चांगला उपाय आहे. इथे त्यानेच सेन्सर बिघडतो.

सगळ्यात जास्त पैसा मात्र वाया जातो तो कोडच्या नावावर विश्वास ठेवून. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन. गाडीला तो कोड आला, की पुष्कळ ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. वास्तविक हा कोड बहुधा सेन्सर त्याचं काम चोख करत असल्याचा पुरावा असतो: त्याला लीन दिसलं, त्याने तसं सांगितलं. मॅन्युअलमध्ये या कोडखाली संशयाच्या जागा दिलेल्या असतात: इनटेकमधली हवेची गळती, फ्युएल प्रेशर, इंजेक्टर, हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर, एक्झॉस्टची गळती. ही यादी तपासण्याच्या जागांची आहे, बदलायच्या पार्टची नव्हे.

इथे सेन्सरबद्दलची एक मूळ गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तो ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. एका सिलिंडरचा स्पार्क गेला, गाडी मिसिंग मारायला लागली, तर त्या सिलिंडरमधली हवा न जळता तशीच बाहेर येते. सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन म्हणून कळवतो. कंट्रोल युनिट पेट्रोल वाढवतं. मग स्कॅनरवर लीन, आणि प्लग काढून पाहावेत तर काजळीने काळे. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला सेन्सरच्या आधी चीर गेली असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाऊन असाच खोटा लीन दिसतो. जो मेकॅनिक फ्युएल ट्रिमचे आकडे, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोल किती टक्के वाढवतं किंवा कमी करतं ते, आयडलवर एकदा आणि २५०० आरपीएमवर एकदा लिहून घेतो, त्याला निम्मं उत्तर तिथेच मिळतं. आयडलला ट्रिम खूप आणि रेस दिल्यावर कमी, तर व्हॅक्यूमची गळती. उलट लोडवर ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवेचं मोजमाप.

परदेशी मॅन्युअल डोळे मिटून वापरता येत नाही, याचीही कारणं आहेत. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या प्रदूषण नियमांना उतरवून विकली जाते, आणि सेन्सरची जात त्याप्रमाणे बदलते. अमेरिकेतल्या गाडीच्या व्हिडिओत ए-एफ सेन्सर दिसला म्हणून इथल्या गाडीत तो असेलच असं नाही. निसान आणि जीपच्या काही जुन्या गाड्यांत तर टायटॅनियाचे सेन्सर होते. ते व्होल्टेज तयारच करत नाहीत, फक्त रोध बदलतात. बँक १ कुठली हेही असंच. बँक १ म्हणजे ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर ती बाजू, हे खरं. पण अमेरिकेत फोर्डच्या व्ही-एट इंजिनात तो उजवीकडे, जनरल मोटर्सच्या व्ही-एटमध्ये डावीकडे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या तीन-चार सिलिंडरच्या सरळ रांगेच्या असल्यामुळे ही डोकेदुखी कमी. इथे घोळ होतो तो सेन्सर १ आणि सेन्सर २ मध्ये, आणि मागचा बिघडलेला असताना पुढचा बदलला जातो.

महाराष्ट्रातल्या उंच-सखल भागांनी आणि पेट्रोल पंपांनीही यात भर घातली आहे. इंजिन बंद, चावी फक्त ऑन, अशा वेळी इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत तो साधारण १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात ९५ च्या आसपास आणि सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ८६ च्या आसपास. महाबळेश्वरच्या गॅरेजात ८६ पाहून घाबरण्याचं कारण नाही. मुंबईत चावी फिरवून ८६ दिसले तर मात्र सेन्सर किंवा त्याची वायर तपासायलाच हवी.

पेट्रोलचं गणित अलीकडे बदललं. देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेलं. त्यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे एका किलोला जेमतेम ९ किलो हवा लागते, आणि २० टक्के मिश्रणाला १४.७ च्या ऐवजी साधारण १३.५. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या गाडीचं कंट्रोल युनिट ही उणीव भरून काढायला इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतं, आणि काहीही बिघडलेलं नसताना लाँग टर्म ट्रिम सात-आठ टक्क्यांनी वर दिसू शकतो. दहा टक्क्यांच्या आतला ट्रिम सर्वसाधारणपणे ठीक मानतात. त्यातले सात-आठ पेट्रोलनेच खाल्ले, तर एरवी लक्षातही न येणारी छोटी गळती दिवा लावू शकते. जुन्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नसणार. तिथे कंपनीची नंतर निघालेली सर्व्हिस बुलेटिन्स पाहावी लागतात, कारण काही वेळा उपाय नवा पार्ट नसून कंट्रोल युनिटचं नवं सॉफ्टवेअर असतं. सीएनजीचं प्रमाण आणखी वेगळं, १७ च्या वर. बाहेरून बसवलेल्या जुन्या सीएनजी किटमध्ये तर ऑक्सिजन सेन्सरचा खोटा सिग्नल तयार करणारा एम्युलेटर असतो. अशा गाडीत कंपनीच्या वायरिंग डायग्रॅमबरोबर किटचाही डायग्रॅम शोधावा लागतो.

आता प्रश्न येतो ही माहिती मिळते का, याचा. आधी हे सेन्सर आपल्याकडे कसे पसरले ते पाहू. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० साली शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं, चारचाकींना २०१० पासून ओबीडी आणि २०१३ पासून ओबीडी-टू आलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आल्यावर स्कूटर-मोटरसायकलींमध्येही फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर सर्रास झाले. म्हणजे तालुक्याच्या गावात कार्ब्युरेटरचे जेट साफ करण्यात आयुष्य गेलेल्या माणसासमोर आज लॅम्डा सेन्सर आहे, आणि त्याची माहिती मात्र कंपनीच्या डीलरकडे.

हा अन्याय आहे, आणि तसं अधिकृतपणे म्हटलंही गेलं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि रिपेअर मॅन्युअल बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यातला मुख्य ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये वाहनदुरुस्तीच्या माहितीचा हक्क कायद्याने दिला. युरोपने २००७ च्या नियमातच स्वतंत्र गॅरेजांना ही माहिती देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं आणि वाहन हे त्यातलं एक क्षेत्र ठेवलं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पण मागणी करायला एक अधिकृत जागा झाली, आणि तिचा उपयोग मेकॅनिकांनी अजून पुरेसा केलेला नाही.

माहिती हाती आली तरी ती इंग्रजीत असते, हेही खरं. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडमधून बाहेर पडलेल्या मुलाला त्यातली वाक्यं जड जातात. पण सेन्सरच्या पानावरचा बराचसा मजकूर आकडे, टर्मिनलचे नंबर, वायरींचे रंग आणि आकृत्या यांचा असतो. दहा-बारा पानं कुणी शेजारी बसून समजावली, की उरलेली तो स्वतः वाचू लागतो. पुढच्या प्रकरणांची रचना याच हिशेबाने केली आहे: आधी गाडीचा चासिस नंबर आणि इंजिनचा कोड, मग सेन्सरची जात, मग कोड पडण्याच्या अटी, मग वायरिंग डायग्रॅम, आणि सगळ्यात शेवटी मीटर.

वाचकांना एक विनंती. प्रत्येक प्रकरणासोबत आपल्या गॅरेजात नेहमी येणाऱ्या एका मॉडेलचं मॅन्युअल उघडून ठेवा आणि इथल्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या मॉडेलचा आकडा पेन्सिलीने लिहा. मॅन्युअल मिळत नसेल तर कंपनीकडे लेखी मागा, उत्तर जपून ठेवा, नकार आला तर त्याची तक्रार करा. एकट्याने जमत नसेल तर गावातल्या चार गॅरेजांनी मिळून वर्गणी काढावी आणि एका मॉडेलची अधिकृत माहिती विकत घ्यावी. चुकून बदललेल्या दोन सेन्सरच्या पैशात ती बहुधा येते.